बिनधन्याची पेढी

न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात एका जुन्या बँकेची दप्तरे जतन करून ठेवलेली आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तेथील कारकुनांनी टाकाने भरलेली ही पाने आज पाहिली, तर ती बँकेची वाटत नाहीत. एखाद्या धर्मग्रामातील बाप्तिस्म्याची वही उघडली आहे असाच भास होतो. खातेदाराचे नाव, धंदा, राहण्याचे ठिकाण, आयर्लंडमधील जिल्हा आणि गाव, कोणत्या वर्षी, कोणत्या जहाजातून आला, आईचे नाव, बापाचे नाव, ते हयात आहेत की नाहीत, लग्न झाले असल्यास कोणाशी, मुले किती. एवढी चौकशी कशासाठी, तर खातेदारांपैकी अनेकांना सही करता येत नसे. उद्या कोणी दुसऱ्याचे पासबुक घेऊन पैसे काढावयास आला, तर त्याला आईचे माहेरचे नाव विचारावयाचे आणि वहीशी ताडून पाहावयाचे. निरक्षरांची ओळख पटवण्यासाठी केलेली ही युक्ती दीडशे वर्षांनंतर इतिहासकारांना सोन्याची खाण ठरली.

ही बँक म्हणजे ‘एमिग्रंट इंडस्ट्रियल सेव्हिंग्ज बँक’. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला, दुष्काळात लाखो माणसे मेली आणि लाखो जहाजांतून अमेरिकेला आली. बंदरावर उतरताच त्यांना लुबाडणारे दलाल टपून असत. अशा निर्वासितांच्या मदतीसाठी काम करणाऱ्या आयरिश एमिग्रंट सोसायटीच्या मंडळींनी १८५० साली ही पेढी काढली. तिला न्यूयॉर्कचे आर्चबिशप जॉन ह्यूज यांचा भक्कम पाठिंबा होता. ह्यूज स्वतः टायरोन जिल्ह्यातील गरीब शेतकऱ्याचे पुत्र. विशीत अमेरिकेत आले आणि सेमिनरीत प्रवेश मिळण्यापूर्वी त्यांनी तेथेच माळीकाम केले. घाम गाळून मिळवलेला डॉलर कोठे ठेवावा, हा प्रश्न त्यांनी पुस्तकात वाचलेला नव्हता.

मोलकरणी, हमाल, विटा वाहणारे, शिवणकाम करणाऱ्या विधवा असे हे ठेवीदार. दुष्काळातून आलेला आयरिश माणूस न्यूयॉर्कच्या गलिच्छ वस्त्यांत कायम दरिद्रीच राहिला, असा समज फार काळ रूढ होता. टायलर अनबाइंडर या इतिहासकाराने ही दप्तरे तपासली, तेव्हा त्याला वेगळेच चित्र दिसले. साध्या मजुरांच्या खात्यांवरही, त्या काळच्या मजुरीच्या मानाने नवल वाटावे, अशी शेकडो डॉलरांची शिल्लक आढळली.

आता वाचकहो, एक साधा प्रश्न. या बँकेचा मालक कोण होता?

उत्तर असे, की कोणीच नव्हता. तिला भागभांडवल नव्हते, भागधारक नव्हते. विश्वस्तमंडळ होते, पण विश्वस्तांनी नफा घ्यावयाचा नाही, असा दंडक. ठेवी घ्यावयाच्या, त्या सुरक्षित रोख्यांत आणि घरांच्या गहाणखतांत गुंतवावयाच्या, खर्च वजा जाता उरेल ते ठेवीदारांना व्याजरूपाने द्यावयाचे आणि थोडा भाग अडीअडचणीसाठी मागे ठेवावयाचा. अमेरिकेत अशा संस्थांना ‘म्युच्युअल’ बचत बँका म्हणत. आपण त्यांना परस्पर बचत बँका म्हणू. ही कल्पना मूळची स्कॉटलंडची. रथवेल गावचे धर्मोपदेशक हेन्री डंकन यांनी १८१० मध्ये गरिबांसाठी बचत बँक उघडली. त्या काळच्या मोठ्या बँका दहा पौंडांखाली ठेव घेत नसत. डंकन सहा पेन्स घेत. हे डंकन प्रेस्बिटेरियन पंथाचे होते, आपल्या ख्रिस्तसभेचे नव्हेत. पण गरिबाचा पैसा सांभाळणे हे मेंढपाळाचे काम आहे, ही जाण दोन्हीकडे एकच. १८१६ साली हीच कल्पना अटलांटिक ओलांडून फिलाडेल्फिया आणि बॉस्टन या शहरांत पोचली. आपला मान पहिला म्हणून दोन्ही शहरे अजून भांडतात. तो वाद त्यांचा त्यांना लखलाभ असो.

मागे ठेवलेला जो थोडा भाग, त्याच्याभोवतीच आमचे आजचे सारे निरूपण फिरणार आहे. त्याला आपल्या भाषेत ‘गंगाजळी’ असा सुरेख शब्द आहे. एखादी मोलकरीण तीस वर्षे खाते चालवी, पैसे काढून घर घेई किंवा मरून जाई. तिची ठेव व्याजासह तिला किंवा तिच्या वारसांना मिळे. पण तिच्या ठेवीवर बँकेने मिळवलेल्या उत्पन्नातील जो कण गंगाजळीत पडलेला असे, तो तेथेच राही. असे कण पिढ्यान्पिढ्या साठत गेले. मृतांनी मागे ठेवलेल्या या शिलकेवर बँक उभी होती आणि ती शिल्लक कोणाच्याच नावावर नव्हती.

असला प्रश्न ख्रिस्तसभेला अगदीच नवा नव्हता. इटलीतील फ्रान्सिस्कन धर्मबंधूंनी सावकारांच्या पाशातून गरिबांना सोडवण्यासाठी १४६२ मध्ये पेरुजा येथे आणि नंतर गावोगाव ‘मोंते दि पिएता’ नावाच्या गहाण-पेढ्या काढल्या. कर्जदाराकडून खर्चापुरते काही घेतले तर ते व्याजबट्ट्याचे पाप होते काय, यावर धर्मपंडितांत कडाक्याचा वाद झाला. शेवटी १५१५ मध्ये पाचव्या लॅटरन परिषदेत पोप लिओ दहावे यांनी निर्णय दिला, की संस्था चालवण्याच्या खर्चापुरते घेणे निर्दोष आहे. परंतु खर्च भागून काही उरलेच आणि ते शतकानुशतके साठत गेले तर त्याचे करावयाचे काय, हा प्रश्न मागे राहिला. तो विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत उग्र रूपाने पुढे आला.

निमित्त झाले महागाईचे. बचत बँकांनी वीस-तीस वर्षांच्या मुदतीची घरकर्जे सहा-सात-आठ टक्क्यांनी देऊन ठेवली होती आणि ठेवी मात्र आज ठेवून उद्या काढता येण्याजोग्या होत्या. ठेवींवर किती व्याज द्यावे याला सरकारी मर्यादा असे. साध्या बचत खात्यावर ती साडेपाच टक्क्यांच्या आसपास होती. १९७९ नंतर अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने महागाई मोडून काढण्यासाठी व्याजदर मोकळे सोडले आणि १९८१ मध्ये अल्प मुदतीच्या सरकारी रोख्यांचा दरसुद्धा १५ टक्क्यांच्या वर गेला. ठेवीदार काही खुळे नव्हते. ते पैसे काढून दुसरीकडे नेऊ लागले. त्यांना धरून ठेवावे तर चढे व्याज द्यावे लागे आणि जुन्या कर्जांवर येणारे व्याज तर ठरलेले. दर वर्षी तोटा होऊ लागला आणि गंगाजळी आटू लागली. व्यापारी बँक अशा वेळी नवे शेअर विकून भांडवल उभारते. पण जिला शेअरच नाहीत, तिने काय विकावे?

उत्तर निघाले ते असे, की बँकेने स्वतःलाच विकावे. ही वाट पूर्वी अगदीच बंद नव्हती, परंतु १९८२ च्या गार्न–सेंट जर्मेन कायद्याने ती चांगलीच रुंद झाली आणि एकामागून एक परस्पर बँका भागधारकांच्या कंपन्या होऊ लागल्या.

या रूपांतरात जे गणित दडलेले आहे, ते वाचकांनी थोडा वेळ काढून पाहावे. आम्ही काही हिशेबनीस नव्हे; पण हे गणित चौथीच्या मुलालाही सुटेल. समजा, एका बँकेची गंगाजळी १ कोटी डॉलर आहे. ती १० डॉलरला एक याप्रमाणे १० लाख शेअर विकावयास काढते. विक्रीचे १ कोटी डॉलर आले. एरवी एखादे दुकान विकले, तर पैसे जुन्या मालकाच्या खिशात जातात. येथे जुना मालकच नाही! तेव्हा विक्रीचे पैसेही बँकेच्याच तिजोरीत जाऊन पडले. तिजोरीत आता २ कोटी झाले आणि शेअर तर १० लाखच. म्हणजे ज्याने १० डॉलर मोजले, त्याच्या वाट्याला २० डॉलरची मालमत्ता आली. त्याचे स्वतःचे १० त्याला परत मिळाल्यासारखे झाले आणि वरचे १० मृत मोलकरणींनी व हमालांनी दिले.

प्रत्यक्षात विक्रीचा खर्च वजा होई आणि बाजार पुरे २० कधी देत नसे, हे खरे. पण पहिल्याच दिवशी दहाचे बारा-तेरा होणे विरळा नव्हते. पीटर लिंच या नामवंत गुंतवणूकदाराने आपल्या पुस्तकात सामान्य वाचकांना उघड सल्ला दिला, की आपल्या आसपासच्या परस्पर बँकांत छोटे खाते उघडून ठेवा आणि वाट पाहा. सेथ क्लारमन या दुसऱ्या जाणत्याने १९९१ च्या आपल्या ग्रंथात या विषयाला एक स्वतंत्र प्रकरणच दिले. कारण नियमच असा होता, की ठरावीक तारखेपूर्वी ज्यांचे खाते असेल, त्यांना शेअर घेण्याचा पहिला हक्क. उरले तर इतरांना. झाले! गावोगाव हिंडून, जेथे तेथे लहानसहान ठेवी ठेवून पासबुकांची चळत जमवणारा एक नवाच वर्ग जन्मास आला. या लोकांना त्या गावाशी, तेथील घरबांधणीशी, त्या पेढीच्या इतिहासाशी काही कर्तव्य नव्हते. त्यांनी कायदा मोडला असे मात्र कोणी म्हणू नये. हक्क दुसऱ्याला विकता येत नसे, दुसऱ्याच्या पैशाने शेअर घेण्यास बंदी होती. जे स्वतःच्या पैशाने घेत, ते नियमात बसत.

आमच्या मते खरे शल्य दुसरेच आहे. हक्क मिळाला तो शेअर ‘विकत घेण्याचा’. ज्या वृद्ध बाईचे त्याच बँकेत चाळीस वर्षे खाते होते, पण दर महिन्याची शिल्लक वाणसामानातच संपत होती, तिलाही तो हक्क छापील पाकिटातून घरपोच आला. कित्येक पानांचे ते जाडजूड पत्रक तिला समजले नाही आणि समजते तरी शेअर घेण्यास जवळ पैसे नव्हते. मुदत संपली आणि हक्क बुडाला. तिने नव्हे, तर ज्यांच्याजवळ आधीच मोकळा पैसा होता, त्यांनी ती गंगाजळी वाटून घेतली. गरिबांसाठी साठलेली शिल्लक ज्यांना तिची सर्वांत कमी गरज, त्यांच्या दारी गेली.

आणि आणखी एक वर्ग होता. बँकेचे चालक! रूपांतराचा निर्णय तेच घेत आणि त्यांच्यासाठी काही शेअर फुकट किंवा ठरलेल्या भावाने राखून ठेवण्याची पद्धत पडत गेली. ठेवीदारांची संमती लागे, पण खाते उघडताना बहुतेकांनी आपले मत चालकांच्या स्वाधीन करणाऱ्या मुखत्यारपत्रावर सही करून दिलेली असे. ग्रीन पॉइंट बचत बँकेच्या रूपांतराच्या वेळी, १९९३-९४ च्या सुमारास, चालकांच्या पदरात किती शेअर पडणार हे बाहेर आले तेव्हा न्यूयॉर्कमध्ये गदारोळ उठला. काँग्रेसच्या समितीपुढेही या विषयाची सुनावणी झाली आणि १९९४ मध्ये नियामकांनी नियम आवळले. ‘बिनपगारी विश्वस्त’ या जुन्या शब्दाचे पुढे काय झाले, ते यावरून कळावे.

असे असले, तरी दुसरी बाजू सांगितली नाही, तर आमच्याकडून अन्याय होईल. भांडवलावाचून बँक बुडाली असती तर त्या वृद्ध बाईचे काय भले झाले असते? विम्याने तिची ठेव वाचली असती, पण पेढी गेलीच असती. मालक नसलेल्या संस्थेत चालकांना जाब विचारणाराही कोणी नसतो. काही परस्पर बँका सुस्त झाल्या होत्या आणि विश्वस्तांच्या जागा ओळखीपाळखीत फिरत होत्या, हेही खरे. भागधारक आले की निदान सभेत चार प्रश्न तरी विचारले जातात.

परंतु रूपांतराने बँका वाचल्या काय? फिलाडेल्फियाची ती १८१६ ची आद्य बचत बँक १९८३ मध्ये भागधारकांची झाली. शेअर विकून मोठी रक्कम हाती आली. मग लहानशा घरकर्जांत मन रमेना. नवे धंदे, नव्या शहरांतील कर्जे, दुसऱ्या बँका विकत घेणे, नावही बदलून ‘मेरिटर’ केले. जुन्या शिलकीचा बराच भाग कागदावरचाच होता, हे पुढे उघड झाले. ११ डिसेंबर १९९२ रोजी सरकारने ती बंद केली आणि ठेवी दुसऱ्या बँकेकडे सोपवल्या. एकशे सदुसष्ट वर्षे मालकावाचून चाललेली पेढी मालक मिळाल्यावर दहा वर्षेही टिकली नाही. तिची १९३२ ची उंच इमारत मात्र उभी आहे. २००० सालापासून तेथे हॉटेल आहे. त्याच सुमारास कर्जे देणाऱ्या इतर बचत संस्थांचीही पडझड झाली. १९८६ ते १९९५ या दहा वर्षांत अमेरिकेत अशा हजाराहून अधिक संस्था बुडाल्या आणि त्यांचा सव्वाशे अब्ज डॉलरांच्या जवळपासचा भार करदात्यांवर पडला. त्यांत परस्पर होत्या तशा भागधारकांच्याही होत्या. म्हणून सारा दोष रूपांतराच्या माथी मारता येणार नाही.

आणि आर्चबिशप ह्यूज यांच्या आशीर्वादाने निघालेली आयरिशांची पेढी? १९८६ मध्ये तीही परस्पर राहिली नाही. न्यूयॉर्कच्या एका धनाढ्य घराण्याने ती घेतली.

ज्या देशात ही कल्पना जन्मली, तेथे या प्रश्नाचा न्यायनिवाडाच झाला. ब्रिटनमध्ये डंकन यांच्या परंपरेतील बचत बँका एकत्र येऊन ‘टीएसबी’ झाली होती. सरकारने ती शेअर बाजारात आणावयाचे ठरवले, तेव्हा काही ठेवीदार न्यायालयात गेले. गंगाजळी आमची आहे, ती अशी विकता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे. १९८६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला, की ठेवीदाराचा हक्क ठेव आणि व्याज एवढ्यापुरताच आहे. शिलकीवर त्याची मालकी नाही. त्याच वर्षी शेअर विकले गेले आणि विक्रीचा पैसा पुन्हा बँकेच्याच तिजोरीत पडला. वर सांगितलेले चौथीचे गणित येथेही जसेच्या तसे घडले. १९९५ मध्ये ती बँक लॉइड्समध्ये विलीन झाली.

इटलीने वेगळी वाट काढली आणि ती आम्हांला अधिक ख्रिस्ती वाटते. १९९० च्या अमातो कायद्याने तेथील बचत बँकांचे दोन भाग केले. एकीकडे बँकेची कंपनी आणि दुसरीकडे धर्मादाय प्रतिष्ठान. शेअर प्रतिष्ठानाच्या नावे आणि त्यांचे उत्पन्न त्या प्रदेशातील शिक्षण, कला, आरोग्य व दीनदुबळ्यांसाठी. मृतांची शिल्लक जिवंत गरिबांकडे जावी, यापेक्षा सरळ न्याय कोणता? तथापि येथेही माणसाचा मोह आडवा आला. सिएना येथे १४७२ मध्ये ‘मोंते दि पिएता’ म्हणून निघालेल्या बँकेचे प्रतिष्ठान बँकेवरील आपला ताबा सुटू नये म्हणून आपली संपत्ती तिच्यातच ओतत राहिले. बँक गर्तेत गेली, प्रतिष्ठानाची ठेव जवळजवळ नाहीशी झाली आणि २०१७ मध्ये सरकारला बँक ताब्यात घ्यावी लागली.

इटलीच्या या वाटेचा थोडा अंश पुढे अमेरिकेनेही उचलला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अनेक रूपांतरित बँकांनी काही शेअर धर्मादाय प्रतिष्ठानाला देण्याचा पायंडा पाडला. बॉस्टनची ईस्टर्न बँक मूळची १८१८ ची, सेलम गावची. ऑक्टोबर २०२० मध्ये तिने १० डॉलरला एक याप्रमाणे शेअर विकून सुमारे १.८ अब्ज डॉलर उभे केले, तेव्हा आपल्या प्रतिष्ठानालाही त्यांतील शेअर दिले. अर्थात बाकीचे गणित जुनेच होते.

हे सारे वाचून वसईकर वाचकांना घरची आठवण होणे साहजिक आहे. मॉन्सेनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने १९१८ मध्ये वसईत कॅथलिक सहकारी पतपेढी निघाली, ती याच हेतूने. केळी-भाजीच्या बागायतीतला पैसा सावकाराच्या घरी जाऊ नये म्हणून. सहकारी पेढी आणि परस्पर बँक या अगदी एक नव्हेत. आपल्याकडे सभासदाचा भाग असतो, त्याला सभेत मत असते, आणि भाग कितीही असले तरी मत एकच. पण गंगाजळीच्या बाबतीत दोघी सख्ख्या बहिणी. आजोबांनी दहा रुपयांचा भाग घेतला आणि पुढे परत केला, तर त्यांना मिळाले दहाच रुपये. त्यांच्या काळात राखीव निधीत जे साठले, ते पेढीतच राहिले.

महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्याने या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन ठेवले आहे. संस्था गुंडाळली गेली आणि सर्व देणी भागून काही उरले, तर ते सभासदांत वाटता येत नाही. ते लोकोपयोगी कामी लावावे लागते. हे कलम कोणी कोणत्या अनुभवातून लिहिले असेल ते असो, ग्रीन पॉइंटचा गदारोळ होण्यापूर्वी तीस-पस्तीस वर्षे ते आपल्या कायद्यात होते. मात्र हे संस्था गुंडाळण्याविषयी झाले, रूपांतराविषयी नव्हे. २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने ५० कोटी रुपयांची निव्वळ मालमत्ता आणि पुरेसे भांडवल असलेल्या नागरी सहकारी बँकांना स्वखुशीने लघु वित्त बँक होण्याची, म्हणजेच भागधारकांची कंपनी होण्याची वाट उघडली. उत्तर प्रदेशातील सहारनपूरची शिवालिक सहकारी बँक या वाटेने जाणारी पहिली. एप्रिल २०२१ मध्ये ती कंपनी म्हणून कामकाज करू लागली.

पेढीचा वार्षिक अहवाल घरी आला, की आपण लाभांशाचा दर पाहतो आणि तो कपाटात टाकतो. ताळेबंदात देण्यांच्या बाजूला, भागभांडवलाच्या लगेच खाली ‘राखीव निधी व इतर निधी’ अशी ओळ असते. या वर्षी आम्ही आमच्याकडच्या अहवालात ती काढून पाहिली. भागभांडवलापेक्षा तो आकडा पुष्कळ मोठा होता.